उघडं मत, झाकलं मत

हंगेरी नावाचा देश मी पाहिलेला नाही आणि पाहीन असं वाटतही नाही. तरी गेल्या हिवाळ्यात त्या देशानं मला जेवढा ताप दिला, तेवढा सासरच्या माणसांनीही कधी दिला नसेल. मी आदिलाबादच्या एका खाजगी डिग्री कॉलेजात इतिहास शिकवते. युरोपचा पेपर घेणारे सर मधेच नोकरी सोडून गेले आणि तो पेपर माझ्या गळ्यात पडला. त्यात एक अख्खं प्रकरण हंगेरीतल्या राजेशाहीच्या काळातल्या पार्लमेंटच्या निवडणुकांचं. आता बोला. पोरं तलमडुगू, गुडीहत्नूरकडून सकाळची बस धरून येणारी, निम्मी मराठी घरची, निम्मी तेलुगू, आणि त्यांना मी सांगायचं की हंगेरीतले लोक मत कसं देत.

नाक मुरडतच वाचायला घेतलं, पण मग प्रकरण मला सोडेना. तिथं कितीतरी वर्षं मत तोंडानं द्यायची रीत होती. टेबलामागं सरकारी माणसं बसत. मतदार समोर उभा राही. कोणाला, असं विचारलं की त्यानं उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं आणि कारकुनानं ते लिहून घ्यायचं. ऐकायला मालकाचा दिवाणजी हजर, पाद्री हजर, शिपाई हजर, शेजारी हजर. दोन्हीकडची माणसं आपापले झेंडे घेऊन वेगवेगळ्या तळांवर बसवलेली, कारण एकत्र आली की डोकी फुटत. खाणंपिणं उमेदवाराकडून. पहिल्या महायुद्धानंतर तर आणखी गंमत. नाव राजेशाहीचं, पण गादीवर राजा नाही. राजाच्या जागी कारभार पाहणारा माणूस आरमाराचा सेनापती, आणि देशाला समुद्रच उरलेला नाही. अशा राज्यात एकदा मत गुप्त करून पाहिलं, आणि पुढच्याच निवडणुकीला खेड्यांत ते परत उघडं केलं. मोठ्या शहरांत चिठ्ठी पेटीत, खेड्यात मात्र सगळ्यांच्या तोंडावर. खेड्यातल्या माणसाजवळ झाकण्यासारखं काही नसतंच, असं धरून चालले असतील.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, आमच्या गावात अजून असंच आहे. वर्ग खो खो हसला. मला काही हसू आलं नाही, कारण माझ्या माहेरीही तसंच आहे.

माझं माहेर तलमडुगूच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. कापूस आणि ज्वारीचं गाव. तिथं सरपंचाची निवडणूक मी लहानपणापासून कधी पाहिलीच नाही. आमच्याकडे बसतात. मारोतीच्या देवळापुढं दोन सतरंज्या अंथरतात. ज्यांनी उमेदवारी भरली ते एकेका सतरंजीवर पुढं बसतात. मग गावातल्या एकेका घराला हाक मारतात. घरचा कर्ता माणूस उठतो आणि जो पसंत असेल त्याच्या मागं जाऊन बसतो. ज्याच्या मागं जास्त घरं, तो सरपंच. दुसऱ्यानं त्याच दिवशी मंडलला, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या कचेरीत, जाऊन आपलं नाव मागं घ्यायचं. कागदावर एकच नाव उरतं आणि पेटी गावात येतच नाही. तेलुगूत याला एकग्रीव म्हणतात. सगळ्या गावाची मिळून एकच मान. अशा गावाला वर सरकारचं बक्षीस.

या रीतीला मी नुसती नावं ठेवणार नाही. शेजारच्या गावांत पेटीच्या निवडणुकीनंतर सख्खे भाऊ एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला गेले नाहीत. आमच्याकडे तसं कधी झालं नाही. म्हातारे सांगतात, पेटीतून भांडण निघतं, सतरंजीवर सगळं उजेडात असतं. आणि गाव करील ते राव काय करील, हे तर वर ठरलेलंच. आता इतक्या वर्षांत त्या सतरंजीवरून एकच माणूस पुन्हा पुन्हा निवडून आला, राखीव जागा निघाली तर त्याचाच सालगडी, तेवढी एक बारीक गोष्ट सोडली तर पद्धत उत्तम आहे. त्या माणसाला सगळे जुने सरपंच म्हणतात.

या खेपेला जागा बाईसाठी राखीव निघाली. जुन्या सरपंचांनी आपल्या सुनेचं नाव भरलं. आणि माझ्या वहिनीनं आपलं भरलं.

वहिनी मुधोळकडची. दहावी झालेली, महिला संघाची किती वर्षांपासूनची प्रमुख. बँकेच्या मॅनेजरशी हिंदीत भांडते, मंडलच्या साहेबाशी तेलुगूत भांडते, माझ्या दादाशी मराठीत भांडते, आणि तिन्हीकडे जिंकते. तिला सरपंच व्हायचं होतं ते पांदणीसाठी. पांदण म्हणजे शेताकडं जाणारी बैलगाडीची जुनी वाट. आमच्या शिवारातली पांदण निजामाच्या वेळच्या नकाशात आहे, जमिनीवर नाही. दरसाल नांगराच्या एकेका तासानं ती जुन्या सरपंचांच्या शेतात नांगरली गेली. आता तिकडच्या सगळ्या घरांचा कापूस त्यांच्या बांधावरून, त्यांच्या परवानगीनं निघतो. आमचाही तसाच निघतो. त्यांनी आजवर कोणाची गाडी अडवली नाही. अडवायची पाळीच कधी आली नाही. वहिनीला ती पांदण मोकळी करून घ्यायची होती, एवढंच.

बसायचा दिवस ठरला तसा तिचा मला फोन आला. मी म्हटलं, अगं, मी लग्न होऊन गेलेली लेक, माझं मत आदिलाबादला, मी गावात येऊन काय दिवे लावणार? ती म्हणाली, मत मागून नाई राह्यले बाई, तुमी जवळ असल्या का मले धीर येते. मी कॉलेजात पोट दुखल्याचा अर्ज टाकला आणि निघाले.

घरी पोचले तेव्हापासून माझा जीव एका जागी नव्हता. उगाच उठायची, उगाच बसायची, चहा ठेवायची आणि उतू जाऊ द्यायची. वहिनी उलट शांत. तिनं हिशोब मांडून ठेवला होता. पांदणीच्या बाजूची घरं तिच्याकडे यायला तयार होती, पण आधी कोण उठतं याची वाट पाहणारी. हाक देवळाच्या आळीपासून सुरू होते आणि पांदणीच्या बाजूचं पहिलं घर आमचं. म्हणजे दादा उठून वहिनीच्या मागं बसला की बाकीचे येणार. सगळं त्याच्यावर होतं, आणि तो तर घरचाच. त्याच्याविषयी तिला विचारायचंही सुचलं नव्हतं. नवऱ्याला कोण विचारतं?

दादा कसा आहे ते सांगते. वहिनीच्या संघाची मीटिंग आमच्या ओसरीवर भरते तेव्हा सगळ्या बायांना चहा तो करतो. स्वतः करतो, कपही विसळतो. गाव हसतं. तो म्हणतो, हसू द्या, दात दिसतात त्याईचे. असा माणूस. पण त्या दोन दिवसांत तो घरात टिकत नव्हता. कापूस फुटून उभा होता, वेचणी चालू होती, आणि तो सारखा शेताकडं जाऊन नुसता बघून परत येत होता.

बसण्याच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आधी, मी गोठ्याशी त्याच्याजवळ गेले. काहीतरी बोलायचं म्हणून त्याला हंगेरी सांगितली. तोंडानं दिलेलं मत, समोर मालकाचा माणूस, सगळं. मला शिकवायची खोड आहे, गोठ्यातही सुटत नाही. दादानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवत सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"अन् मत देल्यावर, दुसऱ्या रोजी ते लोकं कामाले कुठी जात?"

मी म्हटलं, कुठं जाणार, त्याच मालकाच्या शेतावर. तो म्हणाला, हं. आणि दाव्याची गाठ पुन्हा बांधली, जी आधीच नीट बांधलेली होती. मला त्याचा रागच आला. मी इतकं रंगवून सांगितलं आणि याला दुसऱ्या दिवसाची पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं सतरंज्या अंथरल्या. एकीवर जुन्या सरपंचांची सून डोक्यावर पदर घेऊन बसली. बिचारी पोरगी चांगली आहे, तिच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पूर्ण वेळ ती सतरंजीची दशी ओढत होती. दुसरीवर वहिनी, ताठ. बाया पाराच्या पलीकडं उभ्या, मी त्यांच्यात. जुने सरपंच खुर्चीवर. ते कोणाला काही बोलले नाहीत, धाक नाही, दम नाही. नुसते उठणाऱ्या प्रत्येकाकडं बघून हसत होते. दिवाणजी, पाद्री, शिपाई असं वेगवेगळं ठेवायची आमच्या गावाला गरज नाही, एका खुर्चीत भागतं.

हाका सुरू झाल्या. देवळाच्या आळीतली घरं ठरल्याप्रमाणे सुनेच्या मागं गेली. एक विधवा बाई घरची कर्ती म्हणून उठली आणि धीटपणे वहिनीच्या मागं बसली. बायांत कुजबुज झाली. मग आमच्या घराला हाक आली.

दादा उठला. खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, परत खांद्यावर टाकला. मी मनात म्हणत होते, चल ना बाबा, काऊन वेळ लावून राह्यला. तो चालत गेला आणि जुन्या सरपंचांच्या सुनेच्या मागं, सतरंजीच्या अगदी कडेला बसला. अर्धा सतरंजीवर, अर्धा मातीत.

  वहिनीनं मान वळवली नाही. तिला वळवायची गरजही नव्हती, समोरच तर सतरंजी होती. मग पांदणीच्या बाजूची घरं एकामागून एक उठली आणि जाऊन दादाच्या आसपास बसली. त्यांची काय चूक? नवराच बसत नाही तिच्या मागं, तर आम्ही कशाला बसावं, असं कोणीही म्हणेल. शेवटी वहिनीच्या मागं ती विधवा बाई, एक पेन्शनर मास्तर आणि गावाबाहेरची दोन-चार घरं उरली.

जुने सरपंच पहिल्यांदा बोलले, ते वहिनीशी आणि मोठ्या मायेनं. म्हणाले, बाई, पुढच्या वेळेस आधी घरात इचारत जा. गाव हसलं. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, मंडलला जायला ऑटो बोलावला आहे, दुपारच्या आत नाव मागं घेऊन या.

वहिनी उठली. सतरंजी आमच्याच घरची होती. तिनं मागच्या लोकांना उठायला सांगितलं, सतरंजी झटकली, घडी घातली आणि काखेत धरली.

"मी नाव मांगं घेत नाई," ती म्हणाली. "येऊ द्या पेटी गावात."

मग जो कल्ला झाला! गावाची रीत मोडली, बक्षीस गेलं, पोरीबाळींच्या हातात कारभार दिला की असंच होतं, मुधोळची पोरगी केली तेव्हाच सांगितलं होतं, काय काय निघालं. मी तिथं असते तर शिट्टी मारली असती. तिथंच होते, पण शिट्टी येत नाही मला.

घरी येऊन मी दादाला धुऊन काढलं. आयुष्यात त्याच्याशी मी इतकं वाईट कधी बोलले नव्हते. लाज कशी वाटली नाही, म्हटलं. बायको समोर बसली असताना पाय तरी कसे उचलले तुझे? त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून खुंटीला टांगला. मग म्हणाला, कापूस शेतात हाय. मी म्हटलं, कापूस गेला चुलीत. तो म्हणाला, तू आदिलाबादले जाशीन, मले इथंच राह्यनं हाय. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण मी त्याला सुनावली आणि लगेच पस्तावले, कारण त्याचा चेहरा बघवेना. पण परत घेतली नाही. रागावलेली होते.

नंतरचे दिवस मी कॉलेज आणि गाव अशा नुसत्या फेऱ्या मारत होते. घरात दोघं एकमेकांशी थेट बोलत नव्हती. वहिनी मला सांगायची, बाई, त्याईले म्हना, बैलाईले पाणी दाखवाचं राह्यलं. दादा समोरच उभा. तो मला सांगायचा, तिले सांग, दाखवलं. मी आदिलाबादला असले की निरोप बैलांमार्फत जात असावेत. प्रचाराला संघाच्या बाया ओसरीवर जमत, आणि दादा अजूनही त्यांना चहा करून देई. बाया चहा पीत, पण त्याच्याकडं बघत नसत. कोणी साखर कमी आहे असंही म्हणत नव्हतं. मला ते बघवत नसे. मी उठून मागच्या दारी जायची आणि तिथंही काही करमायचं नाही.

कापूस निघाला. बांधावरून आमची ट्रॉली बिनबोभाट गेली, जुन्या सरपंचांनी वर हातही केला म्हणे. मतदानाच्या आधीच शेत मोकळं झालं. दादानं ते मला फोनवर सांगितलं. कशाला सांगतो आहे हे मला कळलं नाही. बरं झालं, म्हणून फोन ठेवला.

मतदानाच्या दिवशी मी पुन्हा गावात. शाळेत पेटी आलेली, पुठ्ठ्याच्या आडोशामागं जाऊन गुलाबी कागदावर शिक्का मारायचा. मला आत काही काम नव्हतं. शाळेपासून लांब, लिंबाखाली, मी चकरा मारत राहिले. बाया बोटाला शाई लावून बाहेर येत आणि माझ्याकडं बघून नुसत्या हसत. ज्यांचे नवरे सुनेच्या मागं बसले होते त्याही हसत. आता या हसण्याचा अर्थ काय काढायचा? वर्गात मी ज्या गुप्त मताचे गोडवे गाते, ते इतकं छळतं हे मला माहीत नव्हतं. हंगेरीच्या खेड्यांत शेवटी चिठ्ठी पेटीत गेली तेव्हा तिथल्या उमेदवारांच्या बायका, बहिणी अशाच चकरा मारत असतील का, असं काहीतरी डोक्यात येत होतं. सतरंजीवर निदान कळत तरी होतं.

दादा रांगेत शेवटी शेवटी होता. आत गेला आणि लगेच बाहेर आला. माझ्याकडं न बघता घरी निघून गेला.

दुपारून मोजणी झाली. अधिकाऱ्यानं तेलुगूत नाव वाचलं. अगदी थोडक्यात, पण वहिनी आली होती निवडून. मी शेजारच्या बाईला इतक्या जोरात मिठी मारली की तिची माळ तुटली. संघाच्या बायांनी वहिनीला गुलाल फासला, हलगी आली, आणि बघता बघता आमचं अंगण भरून गेलं.

मग सुरू झाला खरा तमाशा. जो येईल तो हार घालून एकच सांगे, वयनी, आमी तुमालेच देलं. पांदणीच्या बाजूची घरं आली, तुमालेच देलं. देवळाच्या आळीची आली, बसलो तिकडं पण देलं तुमालेच. जुन्या सरपंचांचा चुलतभाऊ आला, आवाज खाली करून म्हणाला, कोणाले सांगू नका, पण तुमालेच. इतक्या मतांत वहिनी आमदार झाली असती. ती प्रत्येकाला हात जोडत होती, हो, हो म्हणत होती. मी मात्र एकेकाचा चेहरा न्याहाळत बसले. यातले खोटे कोण आणि खरे कोण, छे, काही पत्ता लागत नव्हता. खरं बोलणाराही अगदी खोटं बोलणाऱ्यासारखंच बोलत होता. एकच वाक्य होतं सगळ्यांजवळ.

दिवस कलला तशी गर्दी ओसरली. वहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसली, गुलालानं लाल, थकलेली. मी तिच्या पायाशी. दादा दिवसभर स्वयंपाकघरात होता, आलेल्या-गेलेल्याचा चहा बघत. तो दोन कप घेऊन बाहेर आला. एक मला दिला. दुसरा तिच्यापुढं धरला आणि कितीतरी दिवसांनी तिच्याशी सरळ बोलला.

"मी बी तुलेच देलं," तो म्हणाला.

त्यानं दिलं होतं. माझी खात्री आहे. सख्खा भाऊ आहे माझा, त्याचा खरा चेहरा मला कळतो. कप तिच्यापुढं धरून तो तसाच उभा होता.

वहिनीनं कप घेतला. वाफेवर फुंकर मारली.

"हो," ती म्हणाली. "सगळेच म्हनून राह्यले."